नवी यंत्रे आणि आमच्या घरची दप्तरे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान इत्यादी ज्या विद्यांना विद्यापीठात मानव्यविद्या म्हणतात, त्यांच्या संशोधनास व अध्यापनास डिजिटल साधनांचे साहाय्य कसे होते, हा तो विषय. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर शाळेत खडू झिजविलेल्या माणसाने तो हाती घ्यावा, हे धार्ष्ट्यच होय. परंतु मंडळाच्या जुन्या वह्या आणि आपल्या कुलांकडील कागदपत्रे यांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न यंदा कार्यकारी मंडळापुढे आलेला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर या विषयात दडलेले आहे अशी आमची समजूत असल्यामुळे आम्ही हे काम पत्करले. आपण ते गोड मानून घ्यावे.

प्रथम ही साधने म्हणजे काय ते पाहू. अक्षर, चित्र आणि ध्वनी यांना अंकांचे रूप देऊन साठविणारी, आणि साठविलेले हवे तेव्हा शोधून देणारी ती यंत्रे व योजना होत. ती मुख्यतः चार कामे करतात : शोधणे, ताडून पाहणे, मोजणे आणि दूर पोहोचविणे. विद्वान ही चारही कामे पूर्वीपासून करीतच होते. फरक पडला तो वेळेचा आणि आवाक्याचा. रॉबेर्तो बुसा नावाच्या इटालियन धर्मगुरूने १९४९ साली अमेरिकेस जाऊन आयबीएम कंपनीच्या प्रमुखाची भेट घेतली आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन ग्रंथांतील प्रत्येक शब्दाची सूची यंत्राच्या साहाय्याने करण्याचे काम आरंभिले. एक कोटीहून अधिक शब्दांची ती सूची पुढे ५६ खंडांत छापून निघाली. मानव्यविद्येने यंत्राचा हात धरला, त्याचा प्रारंभ सामान्यतः येथून सांगतात.

आपल्याकडेही हे लोण केव्हाच पोहोचले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. हजाराहून अधिक हस्तलिखिते जमवून त्यांतील पाठ हाताने ताडून पाहण्याचे ते प्रचंड काम होते. तीच संहिता पुढे क्योटोचे प्राध्यापक तोकुनागा यांनी संगणकात उतरविली, केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासली, आणि आज ती कोणासही घरबसल्या पाहता येते. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने महाजालावर ठेविले आहेत. मराठी विश्वकोशाचे खंडही तेथे विनामूल्य उपलब्ध आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमानंतर पीएच.डी.चे प्रबंध डिजिटल स्वरूपात देणे आवश्यक झाले आणि ते 'शोधगंगा' नामक भांडारात जमू लागले. बदलापूरच्या मुलीने एक प्रबंध चाळण्यासाठी लोकलने मुंबई गाठावी आणि ग्रंथालय बंद होण्यापूर्वी धावतपळत टिपणे घ्यावीत, ही स्थिती आता पुष्कळ अंशी पालटली आहे. आमच्या मते सामान्य स्थितीतील विद्यार्थ्यावर या साधनांचा हा सर्वांत मोठा उपकार होय.

असो. दूरच्या गोष्टी सोडून आता आपल्या तीन गावांकडे वळू.

अंबरनाथचे शिवालय आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या देवळात सापडलेल्या शिलालेखाची हकीकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. हा लेख प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रसिद्ध केला आणि त्यातील काल शके ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख ठशासह पुन्हा प्रसिद्ध केला आणि काल शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा ठरविला. तो शिलाहार राजा मुम्मुणि याच्या कारकिर्दीचा काळ असून आज हेच वाचन मान्य आहे. एका अंकाच्या वाचनामुळे देऊळ दोनशे वर्षांनी मागेपुढे झाले! भाऊ दाजी हे थोर विद्वान होते. त्यांच्या योग्यतेस यामुळे उणेपणा येत नाही. पण समजा, शिळा नष्ट झाली असती, तिचा ठसा कोणी घेतला नसता आणि केवळ पहिले छापील वाचन उरले असते, तर ते शके ७८२ दुरुस्त कसे झाले असते?

आमच्या मते साऱ्या डिजिटल विद्येचा पहिला धडा या शिळेवर कोरलेला आहे. मूळ वस्तूची प्रतिमा आणि तिचे वाचन ही दोन्ही शेजारी शेजारी ठेविली पाहिजेत. यंत्र जुन्या पानाचे छायाचित्र पाहून त्यातील अक्षरे आपोआप टंकून देते, हे खरे. पण ळ च्या जागी ल वाचणे, फिकट अनुस्वार गाळणे, सात आणि नऊ यांची अदलाबदल करणे, हे प्रमाद तेही करते. प्रतिमा जवळ असली म्हणजे पुढचा भगवानलाल ती चूक सुधारू शकतो. १८६८ साली सरकारने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून याच देवळाची रेखाचित्रे आणि साचे करून घेतले होते, ते याच दूरदृष्टीने. आता साध्या कॅमेऱ्याने शेकडो बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांवरून संगणकात मूर्तीची त्रिमिती प्रतिकृती उभी करता येते. ऊनपावसाने झिजत चाललेल्या त्या शिल्पांसाठी अशी प्रतिकृती म्हणजे वृद्धाने वेळीच केलेले मृत्युपत्र समजावे.

आता बदलापूर घ्या. या गावाला ना. गो. चापेकर लाभले. न्यायखात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ १९३४ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांनी १९३३ साली 'बदलापूर (आमचा गाव)' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गावातील माणसे, त्यांचे धंदे, शेती, रीतिरिवाज, बोली यांची इतकी बारकाईने केलेली नोंद मराठीत त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. चार वर्षांनी त्यांनी 'पेशवाईच्या सावलीत' हा ग्रंथ काढला. त्यात जुन्या हिशेबी कागदांतून धान्याचे भाव, मजुरी, दैनंदिन खर्च अशा बाबी वेचून मांडल्या आहेत. राजेरजवाड्यांच्या लढायांपेक्षा सामान्य घराचा जमाखर्च महत्त्वाचा मानण्याची ही दृष्टी त्या काळी नवीन होती.

विद्यापीठातील संशोधक आज ज्यास 'डेटा' म्हणतात, तो चापेकरांनी टाक आणि शाई यांच्या बळावर गोळा केला. त्यांचे कोष्टक संगणकात घातले, तर कोणत्या वर्षी तांदूळ महाग झाला, हे महाविद्यालयातील मुलगा घटकाभरात आलेख काढून दाखवील. परंतु ते कोष्टक मुळात कोणीतरी मांडलेले असावे लागते. ज्या घरचे कागद चापेकरांच्या हाती लागले, त्या घरचा तांदूळ इतिहासात गेला. ज्या घरचे कागद माळ्यावर वाळवीने खाल्ले, ते घर जणू नव्हतेच! यंत्र हा भेद मिटवू शकत नाही. उलट, सर्व जग यंत्रावर शोधू लागल्यावर जे यंत्रात नाही ते घडलेच नाही असे मानण्याची खोड नव्या पिढीस लागण्याचे भय आहे. हाच आमच्या आजच्या भाषणाचा गाभा आहे.

हे भय काल्पनिक नाही. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हा तळमजल्यावरील किती पेट्या भिजल्या त्याची गणती कोणी केली? पुराचे पाणी ओसरल्यावर लोक गाद्या वाळत घालतात, शिधा निवडतात. चिकटून गोळा झालेली दप्तरे मात्र कचऱ्यात जातात. त्यांची एक प्रत दुसऱ्या गावी असती, तर ती वाचली असती.

उल्हासनगरच्या शेजाऱ्यांकडूनही आपणांस शिकण्यासारखे आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या पिढीची भाषा सिंधी. तिची पुस्तके बहुशः अरबी वळणाच्या लिपीत, तर व्यापाऱ्यांच्या वह्या खुदाबादी लिपीत. आज त्यांच्या नातवंडांपैकी पुष्कळांना आजोबांचे पत्र वाचता येत नाही. आपली स्थिती त्याहून वेगळी आहे काय? आपल्या पणजोबांचे खरेदीखत मोडीत आहे आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी नाहीशी झाली. जगातील लिप्यांना संगणकात स्थान देणारी युनिकोड नावाची संहिता आहे. तिच्या २०१४ सालच्या आवृत्तीत २३ लिप्या नव्याने दाखल झाल्या. त्यांत मोडी आणि खुदाबादी या दोन्ही होत्या. रेल्वेरुळाच्या दोन बाजूंस राहणाऱ्या दोन समाजांच्या विसरलेल्या लिप्या एकाच वर्षी एकाच दाराने आत आल्या, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो.

मोडीच्या बाबतीत आणखी एक पाऊल पडले आहे. २०२५ साली रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडी कागदाच्या छायाचित्रावरून देवनागरी लिप्यंतर करणाऱ्या यंत्रणेची माहिती प्रसिद्ध केली. तिला शिकविण्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन लेखनाची २,०४३ चित्रे, जाणकारांकडून करवून घेतलेल्या लिप्यंतरासह, जमविण्यात आली. हा आकडा नीट ध्यानात घ्यावा. पुण्याच्या पेशवे दप्तरातच मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यांतून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. त्या समुद्रापुढे दोन हजार चित्रे म्हणजे ओंजळभर पाणी. यंत्रास आणखी शिकवावयाचे तर मोडी वाचणारी माणसेच हवीत. यंत्र आले म्हणून मोडी शिकण्याची गरज उरली नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कागदाखेरीज आवाजाचेही धन असते. '१९४७ पार्टिशन आर्काइव्ह' या संस्थेने फाळणी पाहिलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून घेतल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या संगणकीय संग्रहाची व ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली, आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या महाजालावर आणल्या. कोणत्या गावी, कोणत्या बाईने, कोणत्या विषयावर ओवी गाइली, हे शोधता येते. ज्या स्त्रियांचे नाव सातबारावर नव्हते, त्यांचे नाव ओवीखाली आले! भगिनींनो, आपल्या घरांतील ऐंशी-नव्वदीच्या आजींना किती ओव्या, किती उखाणे, किती लग्नातली गाणी पाठ आहेत, याची मोजदाद आपण केली आहे का?

आता अध्यापनाविषयी. आपल्या परिसरातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथील मराठीच्या किंवा इतिहासाच्या वर्गात ही साधने आली म्हणून प्राध्यापकाचे काम कमी झाले असे होत नाही. एक साधे उदाहरण घ्या. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनेक अनुस्वार गळाले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत 'नांव', 'कोंकण', 'पांच' अशी रूपे आहेत. आजचा विद्यार्थी 'नाव' असे टंकून शोधू लागला, तर जुन्या ग्रंथांतील शेकडो स्थळे यंत्र त्याला दाखविणारच नाही. तसेच इंग्रजी अमदानीतील ग्रंथांत अंबरनाथचा उल्लेख कोठे अंबरनाथ, तर कोठे अमरनाथ असा येतो. १८८२ सालचे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आता महाजालावर आहे; पण जो एकच रूप शोधील तो अर्धाच इतिहास घेऊन परतेल. काय विचारावे हे शिक्षकानेच शिकवावे लागते. यंत्र फक्त विचारल्याचे उत्तर देते. सापडले नाही म्हणजे नव्हतेच, असा निष्कर्ष काढू न देणे हे मानव्यविद्येच्या शिक्षकाचे यापुढचे मुख्य कर्तव्य ठरेल.

आता आपल्यापैकी काही ज्येष्ठांनी खासगीत आमच्यापाशी घेतलेल्या आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप जमिनीच्या कागदांविषयीचा. कागद बाहेर गेले तर भाऊबंद दावे लावतील, ही भीती. ती अगदीच निराधार नाही. यास उपाय असा की, मूळ कागद कोणीही देऊ नये. छायाचित्र काढून तो तत्क्षणी घरी न्यावा. कोणते चित्र सर्वांस खुले करावे आणि कोणते काही वर्षे बंद ठेवावे, हे त्या कुटुंबाने लेखी कळवावे. तसेच हयात माणसांच्या जन्मतारखा, दूरध्वनी क्रमांक आणि वधूवर-सूची यांतील काहीही महाजालावर टाकू नये. संशोधनास त्याची आवश्यकता नाही, आणि लबाडांस मात्र आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, आणि तो उघड बोलण्यावाचून गत्यंतर नाही. मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांत ज्ञातीने काही कुटुंबांवर घातलेल्या बहिष्काराचे ठराव आहेत. विधवेने पुनर्विवाह केला, मुलाने अन्य जातीत लग्न केले, अशी कारणे त्यांत नमूद आहेत. ही पाने वगळून बाकीची वही द्यावी अशी एक सूचना आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे, तेव्हा ती पाने लोकांनी पाहिली तर आपली नाचक्की होईल, असे सूचना करणाऱ्यांचे म्हणणे आहे.

ज्ञातिबंधूंनो, आम्ही या सूचनेस नम्रपणे पण ठामपणे विरोध करतो. ज्यांच्यावर बहिष्कार पडला त्यांना त्या काळी पंगतीत पान मिळाले नाही, सुतकात खांदा मिळाला नाही. त्यांची वंशजमंडळी आजही आपल्यात आहेत. काही आज या सभागृहात बसलेली आहेत. त्यांच्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे ती पाने. ती फाडली तर त्यांना दुसऱ्यांदा वाळीत टाकल्यासारखे होईल. विद्यापीठातील उद्याचा अभ्यासक आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहील, तेव्हा सत्कार आणि शिष्यवृत्त्या यांचीच पाने त्याला मिळाली, तर तो आपला इतिहास लिहिणार नाही, आपली जाहिरात लिहील. त्या कुटुंबांतील हयात मंडळींना आधी विचारावे, त्यांची इच्छा असेल तर नावे झाकावीत. पण ठराव जसा आहे तसा राहू द्यावा. ज्या ज्ञातीने पुढे त्याच विधवेच्या नातीला शिष्यवृत्ती दिली, तिला आपली जुनी वही दाखविण्यास लाज वाटण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याविषयी फार बोलावयास नको. बहुतेक घरांत आज भ्रमणध्वनी आहे आणि त्यात कॅमेरा आहे. कागद सपाट ठेवावा, खिडकीचा उजेड घ्यावा, कडेला फूटपट्टी ठेवावी म्हणजे आकार कळतो. पाने क्रमाने घ्यावीत, कोरी पानेही वगळू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका वहीत नोंद करावी : कागद कोणाचा, कोणत्या गावचा, कोठे सापडला, पाने किती, छायाचित्र कोणी व कधी काढले. ज्या चित्राबरोबर ही नोंद नाही, ते चित्र म्हणजे पत्ता नसलेले टपाल. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्यांतील एक ठिकाण पुराच्या रेषेच्या वर असावे.

समारोपादाखल मंडळापुढे आम्ही तीन विनंत्या ठेवतो. पहिली, मंडळाच्या सर्व इतिवृत्त-वह्यांची, एकही पान न वगळता, येत्या दिवाळीपूर्वी छायाचित्रे घ्यावीत. दुसरी, राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालविते. ज्ञातीतील निदान पाच तरुण-तरुणींना मंडळाच्या खर्चाने त्या वर्गास धाडावे. तिसरी, आपल्या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांना पत्र लिहून, त्यांच्या विद्यार्थ्यांना हे कागद वाचण्याचे व वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम अभ्यासाचा भाग म्हणून देता येईल काय, याची विचारणा करावी. बदलापुरात दुर्मिळ मराठी ग्रंथ जपणारे 'ग्रंथसखा'सारखे वाचनालय आहे. त्यांचाही सल्ला घ्यावा. विद्यापीठाकडे यंत्रे आहेत, आपल्याकडे कागद आहेत. दोघांची गाठ पडली तर दोघांचेही कल्याण आहे.

या तिन्ही विनंत्यांना मिळून जो खर्च येईल, तो आजच्या भोजनाच्या खर्चाहून अधिक येणार नाही असा आमचा अंदाज आहे. कार्यकारी मंडळाने बहिष्काराच्या पानांसंबंधीची सूचना मतास घालण्यापूर्वी ती वही एकदा सभेत मोठ्याने वाचून दाखवावी, एवढे मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.